बँकेच्या सुट्टीमागचा बँकर : सर जॉन लबॉक ऊर्फ लॉर्ड एव्हबरी

१ नोव्हेंबरला बेळगावात बँक बंद असते आणि तास-सव्वा तासाच्या अंतरावर चंदगडात ती सुरू असते. दोन राज्यांच्या सुट्ट्यांच्या दोन याद्या खिशात ठेवून धंदा करणं सीमाभागातल्या व्यापाऱ्याला नवीन नाही. चेक कुठल्या गावच्या शाखेत टाकायचा, कुठल्या दिवशी टाकायचा, याचा हिशेब तो बसल्या जागी करतो. आपल्याकडे ही सुट्टी १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम २५ खाली जाहीर होते. पण ‘बँक हॉलिडे’ ही कल्पना कायद्याच्या पुस्तकात आली ती त्याच्या दहा वर्षं आधी, इंग्लंडमध्ये. ती आणणारा माणूस स्वतः बँकेचा मालक होता. मालकानेच सुट्टी मागायची, ही जरा उलटीच गोष्ट.

त्याचं नाव जॉन लबॉक. जन्म ३० एप्रिल १८३४, लंडन. मृत्यू २८ मे १९१३. या एकोणऐंशी वर्षांत त्याने बँक चालवली, तीस वर्षं खासदारकी केली, मुंग्या पाळल्या, अश्मयुगाचे दोन भाग पाडून त्यांना नावं दिली आणि एक अख्खं शिलावर्तुळ विकत घेऊन वाचवलं. यातलं एकेक काम एकेका माणसाला पुरलं असतं.

घोडा नव्हे, डार्विन

लबॉक घराण्याची बँक लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवर होती. वडील सर जॉन विल्यम लबॉक हे तिसरे बॅरोनेट. बॅरोनेट म्हणजे वंशपरंपरेने चालणारी ‘सर’ पदवी; वतनासारखी बापाकडून थोरल्या मुलाकडे जाणारी. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय यांना १८५७ मध्ये मिळाली तीच. वडील बँकर असले तरी त्यांचा जीव गणितात आणि खगोलशास्त्रात अडकलेला. कुटुंबाचं मोठं घर केंट परगण्यात, हाय एल्म्स नावाचं.

१८४२ मध्ये एके दिवशी वडिलांनी आठ वर्षांच्या जॉनला सांगितलं, की तुझ्यासाठी मोठी बातमी आहे. पोराला वाटलं, आता तट्टू मिळणार. बातमी निघाली ती अशी, की शेजारच्या डाउन गावात चार्ल्स डार्विन नावाचे गृहस्थ राहायला येताहेत. पोरगा हिरमुसला. पुढे आयुष्यभर हा किस्सा तो स्वतःच हसत सांगे, कारण त्या शेजाऱ्याने त्याला जे दिलं ते कुठल्या तट्टूने दिलं नसतं. डार्विनच्या सांगण्यावरून वडिलांनी त्याला सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. किडे-पाखरं कशी पाहायची, पाहिलेलं कसं लिहून ठेवायचं, हे तो डार्विनच्या घरी जाऊन-येऊन शिकला.

शाळा मात्र अर्धवट राहिली. नामांकित ईटन शाळेत तो होता, पण बँकेतले भागीदार आजारी पडले आणि चौदाव्या वर्षी वडिलांनी त्याला काढून पेढीवर बसवलं. कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. पुढे हाच माणूस लंडन विद्यापीठाचा कुलगुरू आणि त्याच विद्यापीठाचा पार्लमेंटमधला प्रतिनिधी झाला, हे लक्षात ठेवण्यासारखं. १८५८ मध्ये, म्हणजे चोविसाव्या वर्षी, तो रॉयल सोसायटीचा सदस्य होता. १८६० च्या ऑक्सफर्डमधल्या गाजलेल्या उत्क्रांतीच्या वादात डार्विनच्या बाजूने बोलणाऱ्यांत हा तरुण बँकरही होता.

लोंबार्ड स्ट्रीटवरचा हिशेब

त्याच्या चरित्रात लोक मुंग्यांची गोष्ट रंगवून सांगतात आणि बँकेवरून पटकन पुढे सरकतात. पण रोजची भाकरी बँकेची होती. १८६० मध्ये घरची पेढी दुसऱ्या एका पेढीशी एकत्र होऊन रॉबार्ट्स, लबॉक आणि कंपनी झाली. १८६५ मध्ये वडील वारले, पदवी आणि पेढी दोन्ही जॉनकडे आल्या.

त्या काळी लंडनच्या बँकांचे चेक ‘क्लिअरिंग हाउस’ मध्ये एकमेकांत वळते होत. म्हणजे सगळ्या बँकांचे कारकून एका ठिकाणी येत, कुणाचं कुणाकडे किती हे मांडत, आणि फक्त फरकाची रक्कम दिली-घेतली जाई. गावोगावच्या बँकांचे चेक मात्र यात नव्हते. ते टपालाने ज्या-त्या गावाला पाठवायचे, तिथून पैसे यायची वाट पाहायची. हे गावाकडचे चेकही लंडनच्या क्लिअरिंगमध्ये आणायची व्यवस्था उभी राहिली त्यात तरुण लबॉकचा मोठा वाटा होता. आज चेकचा फोटो काढून मिनिटात पुढे जातो. तेव्हा टपालाची एक खेप वाचणं म्हणजे व्यापाऱ्याचे दोन दिवस वाचणं होतं.

याच सुमाराला त्याने आपल्या बँकेतल्या व्यवहारांचा एक हिशेब मांडला. ग्राहकांनी भरलेल्या सुमारे १ कोटी ९० लाख पौंडांत प्रत्यक्ष नाणी किती? शंभरात एक हिस्साही नाही. बाकी सगळे चेक, हुंड्या आणि थोड्या नोटा. व्यापार सोन्यावर चालतो असं मानणाऱ्या काळात हा आकडा डोळे उघडणारा होता, आणि अर्थशास्त्रावर लिहिणाऱ्यांनी तो पुढे बराच वापरला. १८७९ मध्ये बँकेत काम करणाऱ्यांचं शिक्षण व्हावं, परीक्षा व्हाव्यात म्हणून लंडनमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स निघाली, तेव्हा पहिला अध्यक्ष लबॉकच झाला. १८८२ चा हुंड्यांबद्दलचा इंग्लिश कायदा कॉमन्समध्ये मांडणाराही तोच.

सुट्टी लपली एका कलमात

आता मुख्य गोष्टीकडे.

इंग्लंडमध्ये पूर्वी संतांचे दिवस पाळत. बँक ऑफ इंग्लंडला वर्षाकाठी तेहतीसच्या आसपास अशा सुट्ट्या होत्या. १८३४ मध्ये कारखानदारीच्या जोरात त्या कापून चारवर आणल्या: गुड फ्रायडे, नाताळ, १ मे आणि १ नोव्हेंबर. (सीमाभागातल्या वाचकाला या शेवटच्या दोन तारखा पाहून हसू येईल, तो निव्वळ योगायोग.) ज्या वर्षी सुट्ट्या गेल्या त्याच वर्षी लबॉक जन्मला, हा दुसरा योगायोग.

१८७० मध्ये तो मेडस्टनमधून लिबरल पक्षाचा खासदार झाला. त्याआधी दोनदा निवडणूक हरला होता. पार्लमेंटमध्ये गेल्यावर वर्षभरात त्याने जे विधेयक रेटलं त्याचं नाव साधं होतं: बँक हॉलिडेज. नावात कामगार नाही, जनता नाही, विश्रांती नाही.

यात एक मेख होती. त्या काळच्या कायद्याप्रमाणे हुंडीची मुदत रविवारी किंवा गुड फ्रायडेला भरली, तर पैसे आदल्या दिवशी द्यायचे. म्हणजे सुट्टी आली की देणेकऱ्याची पंचाईत. एक दिवस आधी रक्कम उभी करायची, नाहीतर हुंडी नाकारली गेली म्हणून बाजारात नाव खराब. अशा नियमाखाली कुणी नवीन सुट्टी मागितली असती तर व्यापारीच आडवे आले असते. लबॉकने कायद्यात लिहिलं, की या नव्या दिवशी बँका बंद राहतील आणि त्या दिवशी मुदत भरणाऱ्या हुंडीचे पैसे दुसऱ्या दिवशी द्यावेत. एवढा एक बदल. आदल्या दिवसाचा दुसरा दिवस झाला आणि देणेकऱ्याला सुट्टी अडचणीची न राहता सवलतीची झाली.

ही सुट्टी इतर सुट्ट्यांपासून वेगळी ओळखू यावी म्हणून तिला ‘बँक हॉलिडे’ हे वेगळं नाव लागलं. लबॉक स्वतः पुढे म्हणत असे, की याला राष्ट्रीय सुट्टी किंवा सर्वांची सुट्टी म्हटलं असतं तर विरोध झाला असता; बँकेचं गरीब नाव होतं म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. जे करायचं त्याचा गाजावाजा करायचा नाही, कंटाळवाण्या कलमात घालून पुढे सरकवायचं, ही त्याची पद्धत. राजकारणात ती फार लोकांना जमत नाही.

२५ मे १८७१ ला कायद्यावर शाही मोहोर उठली. इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडसाठी चार दिवस ठरले: ईस्टरनंतरचा सोमवार, व्हिट्सन सणाचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा बॉक्सिंग डे. स्कॉटलंडची यादी वेगळी होती. (एकाच देशात दोन याद्या तेव्हाही होत्या.) यातले तीन दिवस या ना त्या सणाला लागून होते. ऑगस्टचा सोमवार मात्र कुठल्याही देवाचा नव्हता, संताचा नव्हता, राजाचाही नव्हता. हवा चांगली असते, एवढंच त्याचं कारण.

बँक बंद म्हटल्यावर पेढ्यांना काम नाही, पेढ्यांना काम नाही म्हटल्यावर दुकानं आणि गोदामं उघडून उपयोग नाही. ७ ऑगस्ट १८७१ ला पहिली ऑगस्ट सुट्टी आली आणि लंडनची स्टेशनं माणसांनी भरून गेली. मार्गेट, रॅम्सगेट अशा समुद्रकाठच्या गावांत पाय ठेवायला जागा उरली नाही. १८७५ मध्ये आणखी एक कायदा करून जकातीची कार्यालयं, गोद्या आणि बंदरातली गोदामं यांनाही ही सुट्टी लागू केली. लोक गमतीने या दिवसाला ‘सेंट लबॉक’ चा दिवस म्हणू लागले. संतांचे दिवस कापले गेले होते, आता एका बँकरलाच संत करून टाकला.

पण हेही नीट पाहिलं पाहिजे, की कायद्याने बंद झाल्या त्या बँका. गिरणी कामगाराला किंवा मजुराला सुट्टी मिळालीच पाहिजे असं त्यात कुठे नव्हतं, आणि मिळाली तर त्या दिवसाचा पगार मिळेल असं तर अक्षरही नव्हतं. रोजंदारीवाल्याला सुट्टी म्हणजे बुडालेला रोज. इंग्लंडमध्ये भरपगारी रजेचा विषय कायद्यात यायला १९३८ साल उजाडलं. कॅलेंडरवरचा तांबडा आकडा सगळ्यांना सारखा तांबडा नसतो, हे रोजंदारी आणि कंत्राटावर काम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

आपल्या १८८१ च्या कायद्यात एक गंमत आहे. कलम २५ म्हणतं, की वचनचिठ्ठी किंवा हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीला भरली तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय समजावी. म्हणजे लबॉकने जो नियम उलटा केला, तो आपल्याकडे जुन्याच पद्धतीने राहिला.

दुकानातली पोरं

बँकेच्या कारकुनापेक्षा वाईट हाल दुकानात काम करणाऱ्या पोरा-पोरींचे होते. सकाळी दुकान उघडायचं, रात्री उशिरा बंद करायचं, आठवड्याला ८० तासांच्या वर काम, आणि तेही उभ्याने. कारखान्यांना कायदा होता, दुकानांना नव्हता. लबॉक वर्षानुवर्षं यामागे लागला. १८८६ मध्ये कायदा झाला, की १८ वर्षांखालच्या नोकराला दुकानात आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, जेवणाची वेळ धरून. आज ७४ तास वाचून अंगावर काटा येतो, पण तेव्हा हाच दिलासा होता. आणि तपासणी करायला निरीक्षकच नेमलेले नव्हते, त्यामुळे कायदा बराचसा कागदावरच राहिला. निरीक्षक नेमायची तरतूद १८९२ मध्ये आली. दुकानं लवकर बंद करण्याबद्दलचा पुढचा कायदा १९०४ चा, तोपर्यंत लबॉक सत्तरीचा झाला होता.

तसा तो सरकारने धंद्यात पडू नये या मताचा होता. नगरपालिकांनी ट्राम चालवू नयेत, वीज विकू नये, असं त्याने पुस्तक लिहून सांगितलं. आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर १८८६ मध्ये त्याने ग्लॅडस्टनची साथ सोडली. त्यामुळे त्याला कामगारांचा कैवारी म्हणणं जास्तीचं होईल. दयाळू मालक म्हणावं, तेवढं बरोबर.

मुंगी, गांधीलमाशी आणि कुत्रा

बँकेतून घरी आल्यावर तो अभ्यासिकेत काचेच्या दोन तावदानांमध्ये माती घालून पाळलेल्या मुंग्यांपुढे बसे. एकेका मुंगीवर रंगाचा ठिपका देऊन ती दिवसभरात कुठे जाते, किती खेपा करते, हे मांडून ठेवी. हिशेबाची सवय इथेही सुटली नाही. त्याच्याकडची एक राणी मुंगी जवळजवळ पंधरा वर्षं जगली.

मुंग्या आपल्या वारुळातल्या मुंगीला ओळखतात का, हे पाहायला त्याने काही मुंग्यांना दारू पाजून बेशुद्ध केलं. वारुळातल्या मुंग्यांनी आपल्यातल्या झिंगलेल्यांना उचलून बहुधा घरात नेलं आणि परक्या झिंगलेल्यांना पाण्यात ढकललं. त्यांना आवाज कळतो का हे बघायला त्याने व्हायोलिन वाजवून पाहिलं. मुंग्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पण लोलकातून प्रकाशाचे रंग त्यांच्यावर पाडले तेव्हा जांभळ्याच्या पलीकडच्या, माणसाला न दिसणाऱ्या भागातून त्यांनी आपले कोश उचलून दुसरीकडे नेले. अतिनील प्रकाश मुंगीला कळतो, हे त्यातून दिसलं. हे सगळं १८८२ च्या मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरच्या पुस्तकात आलं. पिरनीज डोंगरातून आणलेली एक गांधीलमाशीही त्याने पाळली होती. व्हॅन नावाच्या कुत्र्याला शब्द लिहिलेले पुठ्ठे शिकवले. भूक लागली की तो ‘अन्न’ लिहिलेला पुठ्ठा तोंडात धरून आणी.

दगडांची कालगणना

१८६५ मध्ये त्याचं प्रागैतिहासिक काळावरचं पुस्तक निघालं. त्यात त्याने अश्मयुगाचे दोन भाग केले. ठोकून-फोडून केलेल्या ओबडधोबड हत्यारांचा जुना काळ आणि घासून गुळगुळीत केलेल्या हत्यारांचा नवा काळ. इंग्रजीतली ‘पॅलिओलिथिक’ आणि ‘निओलिथिक’ ही नावं त्याची. आपल्या शाळेच्या पुस्तकातले पुराश्मयुग आणि नवाश्मयुग हे शब्द त्यांचेच मराठी अवतार.

याचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार सापडलं, तेव्हा ही नावं जन्मायची होती. पुढे फूट घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यात फिरले, गोकाकजवळ चिकडौलीला त्यांना गेंड्याच्या नामशेष जातीचे अवशेष मिळाले, मलप्रभेच्या काठी दगडी हत्यारं मिळाली. भारतभरच्या आपल्या संग्रहाची यादी फूट यांनी नंतर मांडली ती लबॉकच्या जुन्या-नव्या अश्मयुगाच्या चौकटीतच.

याच पुस्तकातला आणि १८७० च्या पुढच्या पुस्तकातला एक भाग आज वाचवत नाही. जगभरच्या आदिवासींना त्याने ‘रानटी’ ठरवून मानवाच्या बाल्यावस्थेचे जिवंत नमुने म्हणून मांडलं. त्यासाठी तो त्यांच्यात जाऊन राहिला नव्हता; प्रवाशांनी आणि मिशनऱ्यांनी लिहिलेलं वाचून त्याने निकाल दिले. एका मुंगीवर दिवसभर नजर ठेवणाऱ्या माणसाने माणसांबद्दल मात्र ऐकीव माहितीवर विश्वास ठेवला. साम्राज्याच्या काळात अशा पुस्तकांना वाचक भरपूर होते, आणि त्याचे परिणाम त्या समाजांना भोगावे लागले.

विल्टशायरमधल्या एव्हबरी गावात स्टोनहेंजपेक्षा विस्ताराने मोठं शिलावर्तुळ आहे. गावाचा काही भाग त्याच्या आतच बसला आहे. अठराव्या शतकात लोकांनी तिथले दगड तापवून, पाणी ओतून फोडले आणि घरांना लावले. १८७१ च्या सुमारास तिथे प्लॉट पाडून घरं बांधायचं ठरलं, तेव्हा लबॉकने पदरचे पैसे घालून ती जमीन घेतली. १८७३ मध्ये प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचं विधेयक आणलं, पण जमीनमालक खासदार खवळले. माझ्या शेतातल्या दगडावर सरकारचा काय हक्क, हा त्यांचा सवाल. विधेयक पुन्हा पुन्हा पडलं. १८८२ मध्ये एकदाचा कायदा झाला तो पुष्कळ पाणी घातलेला: यादीत ६८ स्मारकं, आणि मालकाची मर्जी असेल तरच सरकारच्या देखरेखीत. पहिला निरीक्षक पिट-रिव्हर्स. त्याचीच मुलगी अ‍ॅलिस हिच्याशी लबॉकने १८८४ मध्ये दुसरं लग्न केलं. पहिली पत्नी एलन १८७९ मध्ये वारली होती. दोन्ही मिळून अकरा मुलं.

१८८२ च्या एप्रिलमध्ये डार्विन गेला. घरच्यांची इच्छा गावातच दफन करायची होती. लबॉकने वीस खासदारांच्या सह्यांचं पत्र वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या प्रमुखाला पाठवलं आणि कुटुंबाची समजूत घातली. आठवडाभरात डार्विन राजे आणि न्यूटन यांच्या शेजारी विसावला. शवपेटी वाहणाऱ्या मानकऱ्यांत लबॉक होताच. डाउनच्या गावकऱ्यांना मात्र हे आवडलं नाही.

१८८६ मध्ये कष्टकऱ्यांच्या कॉलेजात बोलताना त्याने वाचाव्यात अशा शंभर पुस्तकांची यादी सांगितली. त्यावर वर्तमानपत्रांत महिनाभर खडाजंगी झाली आणि प्रकाशकांनी त्याच्या नावाने माला काढून पैसे केले. त्या यादीत रामायण-महाभारताचे इंग्रजी सारांश आणि कालिदासाचं शाकुंतल होतं.

१९०० मध्ये त्याला लॉर्ड केलं, तेव्हा घराण्याचं किंवा केंटचं नाव न घेता त्याने वाचवलेल्या गावाचं नाव घेतलं: बॅरन एव्हबरी. तेरा वर्षांनी केंटच्या समुद्रकाठी किंग्जगेट कॅसलमध्ये तो वारला. पेढी १९१४ मध्ये कूट्स बँकेत विलीन झाली. हाय एल्म्सचं घर १९६७ मध्ये जळालं; आवार आता लोकांना फिरायला खुलं आहे. १८७१ चा कायदा शंभर वर्षं चालला आणि १९७१ मध्ये नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. इंग्लंडची ऑगस्टची सुट्टी आता महिन्याच्या शेवटच्या सोमवारी असते. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये अजून पहिलाच सोमवार.